मंडळीची पंगत

'चर्च' हा शब्द उच्चारला की आपल्याकडील सामान्य गृहस्थाच्या डोळ्यांपुढे प्रथम एक उंच मनोरा, त्यावरील क्रूस आणि आत ओळीने मांडलेली बाके उभी राहतात. तो थोडा अधिक माहितगार असला तर त्यास बिशप, पाद्री व त्यांचे झगे आठवतात. आणि वर्तमानपत्रे नियमाने वाचणारा असला तर जमिनींचे दावे व विश्वस्तांची भांडणे आठवतात. इमारत, अधिकारी आणि इस्टेट या तीन गोष्टींपलीकडे चर्च म्हणून काही आहे, याचा विचार ख्रिस्तेतर समाजाने फारसा केला नाही यात नवल नाही. परंतु खुद्द ख्रिस्ती समाजातील पुष्कळांची समजूतही याहून फार पुढे गेलेली दिसत नाही, हे मात्र खेदजनक होय. रविवारी जावयाची जागा, लग्न लावून घ्यावयाची जागा आणि शेवटी माती देण्यासाठी परवानगी मिळवावयाची कचेरी, एवढाच ज्याचा अर्थ उरला आहे त्या संस्थेचे मूळ प्रयोजन काय होते, हे एकदा नीट तपासून पाहणे अगत्याचे झाले आहे.

प्रथम शब्दच पाहू. नव्या करारात यासाठी योजलेला ग्रीक शब्द 'एक्लेसिया' हा आहे. तो मुळी धर्माच्या क्षेत्रातला नव्हताच. नगरातील नागरिकांना हाक देऊन एकत्र बोलावलेली सभा, असा त्याचा अर्थ होता. चारही शुभवर्तमानांत मिळून हा शब्द एकट्या मत्तयाच्या ग्रंथात येतो, आणि तोही दोनच स्थळी. पोर्तुगीजांचा 'इग्रेजा' त्याच्यापासून निघाला व त्याचीच गोमंतकात 'इगर्ज' झाली. इंग्रजी 'चर्च'चा उगम 'प्रभूचे' या अर्थाच्या दुसऱ्या एका ग्रीक शब्दात आहे, आणि त्यामुळे त्या भाषेत घर व घरातली माणसे या दोहोंना एकच नाव पडले. मराठी बायबल सिद्ध करणाऱ्या भाषांतरकारांनी मात्र 'मंडळी' हा शब्द निवडला. या निवडीबद्दल त्यांची जेवढी प्रशंसा करावी तेवढी थोडीच. कीर्तनाला जमतात ती मंडळी, पानावर बसतात ती मंडळी, घरातली माणसे ती मंडळी. जुन्या पिढीचा संकोची गृहस्थ तर आपल्या पत्नीचा उल्लेखही 'आमची मंडळी' असाच करी. या शब्दात विटा नाहीत, अधिकारी नाहीत आणि सात-बाराचा उताराही नाही. जिवंत माणसे आणि त्यांचा परस्परांशी असलेला घरोबा एवढेच त्यात आहे. मराठी ख्रिस्ती मनुष्याला आपल्या धर्मसंस्थेचा अर्थ शोधण्यासाठी ग्रीक कोश उघडण्याचे कारण नाही. रोज तोंडी असलेला शब्द त्याने मनावर घेतला तरी पुरे.

इतिहासही याच शब्दाची बाजू घेतो. आरंभीची कित्येक पिढ्या ख्रिस्ती लोकांपाशी मंदिर असे नव्हतेच. कोणाच्या तरी घरी ते जमत. सीरियात युफ्रेटीस नदीच्या तीरी दुरा-युरोपस येथे उत्खननात जे ख्रिस्ती उपासनास्थान सापडले, तेही तिसऱ्या शतकातील एका राहत्या घरात फेरफार करून केलेले आहे. रोमन साम्राज्यात या धर्मास मोकळीक मिळाली ती इसवी सन ३१३ मध्ये; आणि भव्य मंदिरांचा काळ त्यानंतरचा. म्हणजे इमारतीवाचून चर्च अडीचशे वर्षांहून अधिक काळ सुखाने नांदले. उलट, मंडळीवाचून उरलेल्या इमारती कशा दिसतात हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने वसईच्या किल्ल्यात एक फेरी मारावी.

मग घरी जमून ही माणसे करीत तरी काय? प्रार्थना करीत, वचन ऐकत, आणि जेवत. हे शेवटचे क्रियापद आम्ही मुद्दाम लिहीत आहो, कारण सर्व प्रश्नाची किल्ली त्यातच आहे. या धर्माच्या पहिल्या पिढीत जे दोन मोठे तंटे नोंदले गेले ते देवाच्या स्वरूपावरून माजलेले नाहीत. दोन्ही पंगतीवरून झाले. अंत्युखियात प्रेषित पेत्र यहुदीतर बांधवांबरोबर बसून जेवत असे. पण यरुशलेमेहून सोवळी मंडळी आल्याबरोबर तो पानावरून मागे सरला, आणि पौलाने सर्वांदेखत त्याची कानउघाडणी केली. करिंथ येथे तर याहून विपरीत घडले. प्रभुभोजनासाठी जमलेल्यांत सुखवस्तू लोक आपापले डबे उघडून आधीच तृप्त होत, आणि दिवसभर राबून उशिरा येणारे दास व मजूर उपाशी राहत. पौलाने इसवी सन ५५ च्या सुमारास त्यांना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट बजावले की, तुम्ही जे करता त्यास प्रभूचे भोजन म्हणताच येत नाही. ज्यास आपण मराठीत पंक्तिभेद म्हणतो, त्याच दोषाबद्दल ही फटकार होती. युरोपातील विद्वानांनी या प्रकरणांवर मोठमोठे ग्रंथ रचले आहेत. तथापि त्याचे मर्म ज्या देशातील माणसास क्षणात उमगावे असा देश आमच्याखेरीज दुसरा नसेल.

आमच्या मते चर्चचा अर्थ व प्रयोजन या दोहोंचा उलगडा या एका पंगतीत होतो. उपासना एकांतात करता येते. ज्ञानोबा-तुकोबांच्या भूमीत हे कोणी कोणास शिकविण्याची गरज नाही. धर्मग्रंथ आता प्रत्येकाच्या घरी, किंबहुना प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनियंत्रात आहे. शाळा व दवाखाने सरकारही काढते आणि धनिकही काढतात. या सर्व गोष्टी चर्चने केल्या तर उत्तमच. पण त्यांच्यासाठी चर्चच पाहिजे असे सिद्ध होत नाही. जन्माने, धनाने किंवा मानाने ज्याला माझ्यापासून दूर ठेवले होते, त्याच्या शेजारी बसून एकाच भाकरीचा तुकडा घेणे, आणि उठल्यावरही त्याला आपला म्हणणे, ही एकच गोष्ट अशी आहे की जी एकट्या मनुष्यास कितीही सत्त्वशील असला तरी करता येत नाही. 'धर्म ही अंतःकरणाची बाब आहे, मला संस्थेची काय गरज?' असे हल्ली पुष्कळ सुशिक्षित ख्रिस्ती तरुण विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. संस्थेचे वर्तन पाहून तो सुचतो हेही खरे. पण अंतःकरणातल्या धर्माला शेजारी नसतो, आणि ज्याला शेजारी नाही त्याच्या प्रेमाची परीक्षा तरी कोण घेणार?

महाराष्ट्रात ही परीक्षा फार कडक झाली. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईस उतरले, १८३१ च्या अखेरीस त्यांनी अहमदनगरास (आता अहिल्यानगर) ठाणे केले, आणि १८३३ मध्ये तेथे मंडळी स्थापन झाली. त्या काळी बाप्तिस्मा घेणे म्हणजे एक मत सोडून दुसरे स्वीकारणे एवढेच नव्हते. उच्चवर्णीय मनुष्य त्या क्षणी आईबापांस मेल्यासारखा होई. पाणी बंद, पान बंद, वाटणीचा हक्कही धोक्यात; धर्मांतराने अथवा जातिबहिष्काराने वारसा बुडू नये म्हणून १८५० साली सरकारला स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून काय ते समजावे. महारवाड्यातून आलेल्याची स्थिती निराळी. त्याला गमावण्यासारखी इस्टेट नव्हती, पण गावगाड्यातला जो काही आधार होता तो तुटे. अशा दोन टोकांच्या माणसांनी एकमेकांस भाऊ म्हणावयाचे होते. आजाऱ्याच्या उशाशी कोण बसणार, मुलीला स्थळ कोण पाहणार, तिरडीला खांदा कोण देणार, या प्रश्नांची उत्तरे जात देत असे. ती आता मंडळीने द्यावयाची होती. महाराष्ट्रातील ख्रिस्ती माणसाला चर्च म्हणजे दुसरे गणगोत होते.

हे गणगोत केवळ पाणी शिंपडून निर्माण होत नाही, याची साक्ष लक्ष्मीबाई टिळकांएवढी प्रांजळपणे दुसऱ्या कोणी दिलेली नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. काही वर्षांनी लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या, त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच. स्वयंपाक निराळा, पाणी निराळे. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. पुढे त्यांच्याच मनात विचार आला की ही उच्चनीचता देवाने केली की माणसांनी? त्या विचारासरशी त्यांनी जातिभेद टाकला, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्रात हा क्रम वाचणाऱ्याच्या ध्यानात येते की आधी पंगत मोकळी झाली व विधी मागाहून आला. आमच्या धर्मोपदेशकांनी व्याख्यानांत ही गोष्ट विनोदासाठी पुष्कळ वापरली. तिच्यातील धर्मशास्त्र मात्र थोड्यांनीच पाहिले.

टिळकांना पुढे जे दुःख झाले ते याच मुळाचे. मंडळीत आलेला मनुष्य 'मिशनचा माणूस' होऊन बसला होता. शाळामास्तर मिशनचा, पाळकाचा पगार मिशनचा, राहते घर मिशनच्या कंपाउंडातले. जेथे सर्वांचे ताट एकाच हाताने वाढले जाते तेथे पंगत सरळ बसलेली दिसली तरी तिला बंधुभाव म्हणता येत नाही; ते अन्नछत्र होय. हे शल्य एकट्या टिळकांचे नव्हते. १९१० साली एडिंबरोच्या जागतिक परिषदेत तरुण व्ही. एस. अझरिया यांनी परदेशी मिशनऱ्यांस हेच सुनावले होते की, आपण दानधर्म पुष्कळ केला, आता मैत्री द्या. आणि दोनच वर्षांनी ते अँग्लिकन पंथाचे पहिले हिंदी बिशप झाले. टिळकांनी दुसरा मार्ग धरला. 'ज्ञानोदया'तून लिहून व अभंग रचून जे साधेना ते साधण्यासाठी १९१७ साली त्यांनी मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे ख्रिस्ताचे दोन्ही प्रकारचे शिष्य यावेत अशी त्यांची कल्पना होती. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले, आणि दरबार त्यांच्यामागे तग धरू शकला नाही.

या प्रयोगाविषयी आमचे मत स्पष्ट सांगितले पाहिजे. रोगाचे निदान टिळकांनी अचूक केले. परकी पैशावर पोसलेली संस्था लोकांची होत नाही, हे त्यांचे म्हणणे काळाने खरे ठरविले. परंतु उपायात एक उणीव होती. जो शिष्य आपल्या जातीच्या पंक्तीतच राहून ख्रिस्ताचे अभंग गातो, त्याची भक्ती कितीही खरी असली तरी त्याच्या शेजाऱ्याच्या ताटात काय फरक पडला? पंढरीच्या वाळवंटात काला एकत्र होतो, वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, आणि गावी परतल्यावर ज्याचा तो आपापल्या आळीत जातो, हा अनुभव आपल्या गाठीस आहे. चोखोबांच्या जातभाईंना देवळात जाण्यासाठी साने गुरुजींना १९४७ साली प्राण पणाला लावावे लागले. वाळवंटातली समता गावात न्यावयाची तर त्यासाठी काही तरी बंधन घालून घ्यावेच लागते. चर्चच्या सभासदत्वाला अर्थ आहे तो एवढ्याचसाठी. नुसत्या भावनेचा दरबार भरतो तसा उठतोही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याच ठिकाणी आठवते. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर, अमुक एक गोष्ट चर्च सांगते म्हणून मान, असे जेव्हा त्यांना सांगण्यात आले, तेव्हा त्यांनी आपल्या गुरुस्थानी असलेल्या भगिनींनाही साफ नकार दिला. ब्राह्मणांच्या अधिकारातून सुटलेली मी, दुसऱ्या पुरोहितांच्या हाती माझी विवेकबुद्धी देणार नाही, असा त्यांच्या पत्रव्यवहाराचा भावार्थ आहे. वरवर पाहता ही बाई चर्चविरोधी वाटते. पण दुष्काळाने उजाड झालेल्या मुलखांतून मुली व विधवा गोळा करून, ज्यांचे या जगात कोणी नव्हते अशांचे घर जिने केडगावी उभारले, तिने मंडळी या शब्दाचा अर्थ कित्येक बिशपांहून अधिक जाणला होता, असेच म्हणावे लागते. संस्थेच्या अधिकारापुढे मान न लववणे आणि संस्थेच्या हेतूसाठी आयुष्य देणे या दोन्ही गोष्टी एकाच मनुष्याच्या ठायी असू शकतात.

आता या कसोटीस आजचे चर्च लावून पाहू. तामिळ मुलखात जातिवंत ख्रिस्ती व अस्पृश्य ख्रिस्ती यांची बाके निराळी असत. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप विल्सन यांनी जातिभेद सोडा असे फर्मान काढले, तेव्हा तंजावरकडील अनेक वेल्लाळ कुटुंबांनी जात सोडण्यापेक्षा चर्च सोडणे पसंत केले. वडक्कनकुळम येथे तर एकाच वेदीसमोर दोन जातींसाठी दोन वेगळे भाग असलेले मंदिर बांधले गेले. त्यातील भिंत पाडावयास विसावे शतक उजाडले. महाराष्ट्रात भिंत कोणी बांधली नाही, ही गोष्ट आपल्या पाळकांकडून आम्ही अभिमानाने ऐकतो. पण पूर्वीचा महार व पूर्वीचा मांग यांच्यात सोयरीक किती झाल्या, असा प्रश्न टाकला म्हणजे सभा शांत होते. डॉ. आंबेडकरांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिलेले, व त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालेले निबंध ज्यांनी वाचले असतील त्यांस हे शांत होणे परिचित वाटेल. धर्म बदलूनही जात न सुटल्याचा दोष त्यांनी मिशनांच्या पदरी घातला आहे, आणि तो खोडून काढणे सोपे नाही.

या बाबतीत एक विलक्षण पेच उत्पन्न झाला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती दलित बाहेर राहिले. २००४ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२२ मध्ये सरकारने न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला. आमच्या मते ही मागणी न्याय्य आहे. बाप्तिस्म्याने मनुष्याची जमीन वाढत नाही की गाव त्यास विहीर मोकळी करीत नाही. परंतु जे चर्च न्यायालयासमोर 'आमच्यात जात आहे' असे शपथेवर सांगते, तेच रविवारी व्यासपीठावरून 'आमच्यात जात नाही' असे सांगू शकत नाही. दोन्ही विधानांपैकी एक सोडले पाहिजे. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलितांविषयीच्या आपल्या धोरणपत्रात चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे कबूल केले, ही गोष्ट धीटपणाची झाली. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे दलितांतील पहिले कार्डिनल झाले. तथापि एक मनुष्य उच्चासनी बसल्याने मागील बाकावरील मनुष्य पुढे येतोच असे नाही, हे या देशात निराळे सांगावयास नको.

एकीकरणाची कथाही अशीच बोधप्रद आहे. परदेशी मिशनांनी मुलूख वाटून घेतल्यामुळे मराठी ख्रिस्ती मनुष्याचा पंथ त्याच्या श्रद्धेने नव्हे तर त्याच्या तालुक्याने ठरे. कोणी अमेरिकन, कोणी स्कॉच, कोणी अँग्लिकन. आणि ज्या वादांचा उगम लंडनच्या पार्लमेंटात व जिनेव्हाच्या गल्ल्यांत, ते वाद गोदाकाठच्या शेतमजुराने भक्तिभावाने पुढे चालवावयाचे! दक्षिणेत १९४७ च्या सप्टेंबरात व उत्तरेत १९७० च्या नोव्हेंबरात नागपूर येथे सहा पंथ एकत्र आले, हे जगाच्या ख्रिस्ती इतिहासातील मोठे कार्य होय. पण २०१३ साली गुजरातेतील ब्रदरन मंडळींच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयास असा निर्णय द्यावा लागला की, एकीकरणाचा ठराव झाला म्हणून जुन्या विश्वस्त संस्थेची मालमत्ता आपोआप नव्या चर्चची होत नाही. कायद्याच्या दृष्टीने निर्णय यथायोग्यच. पण त्या दाव्याचे कागद चाळताना मनात येते की प्रभुभोजनाला एकत्र बसावयास जे तयार झाले, ते शेतजमिनीच्या बांधावर येऊन का थांबले?

वसईकडे दृष्टी टाकली की थोडे समाधान वाटते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते ६५) चर्चला 'देवाची प्रजा' म्हटले आणि उपासना लोकभाषेत आणण्यास मोकळीक दिली. वसईच्या धर्मग्रामांनी मराठीत मिस्सा गाऊन त्याचा पुरेपूर उपयोग केला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत शेते, बावखले व पाणी वाचविण्यासाठी सर्व धर्मांच्या गावकऱ्यांस एकत्र आणले, आणि त्याच हाताने मराठीत सुबोध बायबल लिहिले. पुरोहिताने राजकारणात पडावे काय, असा आक्षेप तेव्हा पुष्कळांनी घेतला. गावाची विहीर आटत असता जो केवळ मेणबत्त्या मोजीत बसतो त्याच्यावर हा आक्षेप अधिक शोभतो. स्त्रियांच्या बाबतीत मात्र तेथेही वेदीची पायरी अद्याप उंचच आहे. उत्तर भारतीय चर्चनेसुद्धा पहिली स्त्री-बिशप नेमली ती २०२३ मध्ये.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक मंडळीची वार्षिक सभा भरते. तीत जमाखर्च वाचला जातो, भाड्याच्या थकबाकीवर तास दोन तास जातात आणि पंचांची निवडणूक होऊन चहापान होते. याच सभेत जमाखर्चाच्या आधी दुसरा एक हिशेब वाचावा. गेल्या वर्षी मंडळीतील किती घरांत पाळक एकदाही गेला नाही? जुन्या जातींची मर्यादा ओलांडून किती विवाह झाले? कोणाच्या मयतीला माणसे जमली नाहीत, आणि का? पंचांत मोलमजुरी करणारा किंवा करणारी कोणी आहे काय? रविवारी येईनासे झालेले कुटुंब कोठे गेले, हे कोणी विचारावयास गेले होते काय? उत्तरे लिहून काढावीत व सभेच्या वृत्तांतात नोंदवावीत. वकिलाच्या फीची नोंद जेथे न चुकता होते तेथे या नोंदीस कागद कमी पडू नये. पहिल्या वर्षी ही पाने बहुधा कोरी राहतील. ती कोरीच वाचून दाखवावीत.